आठवड्याला वीस मिनिटे: बोत्स्वानाच्या फोन-प्रयोगात पालकांच्या वाट्याला काय आले

बोत्स्वानात 2020 साली झालेल्या प्रयोगाची गोष्ट बहुतेक वेळा एका वाक्यात उरकली जाते: शाळा बंद होत्या, फोनवरून गणित शिकवले, मुले शिकली. यात खोटे काही नाही. पण या वाक्यात पालक कुठेच नाहीत, आणि मला तर हे प्रकरण मुळात पालकांचेच वाटते. फोन त्यांचा होता, मूल त्यांच्या घरात होते. प्रयोगातल्या दोन गटांत फरक होता तो एवढाच, की एका गटातल्या पालकांना नुसता निरोप मिळत होता आणि दुसऱ्या गटातल्या पालकांना निरोपानंतर कोणाचा तरी फोनही येत होता.

शाळा बंद असताना घरच्या अभ्यासात पालकांनी लक्ष घालावे, हे सगळेच सांगतात. लक्ष घालावे म्हणजे सोमवारी सकाळी नक्की काय करावे, हे फार थोडे जण सांगतात. बोत्स्वानात हे सांगणे भागच पडले, कारण हाताशी होता तो साधा मोबाइल आणि त्यावर मावणारा 160 अक्षरांचा एसएमएस.

मार्च 2020

बोत्स्वाना हा आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा देश. क्षेत्रफळ फ्रान्सपेक्षा थोडे जास्त, लोकसंख्या मात्र पंचवीस लाखांच्या आत, आणि देशाचा बराच भाग कलहारीच्या कोरड्या पट्ट्यात. मार्च 2020मध्ये तिथल्या शाळा बंद झाल्या आणि एप्रिलच्या सुरुवातीला आणीबाणी लागू झाली. त्या काळात जगभरात 190हून अधिक देशांतले सुमारे 160 कोटी विद्यार्थी शाळेबाहेर होते, अशी युनेस्कोची मोजणी आहे. ज्यांच्या घरी इंटरनेट आणि लॅपटॉप होता त्यांच्यासाठी ऑनलाइन वर्ग सुरू झाले. बोत्स्वानातल्या बहुतेक घरांत ती सोय नव्हती, पण मोबाइल होता.

तिथे ‘यंग लव्ह’ नावाची एक स्वयंसेवी संस्था काम करते. पुढे तिने ‘युथ इम्पॅक्ट’ असे नाव घेतले. साथीच्या आधीपासून ही संस्था सरकारच्या शिक्षण खात्याबरोबर प्राथमिक शाळांत एक कार्यक्रम राबवत होती. त्याचे मूळ मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या कामात आहे. तिसरी ते पाचवीच्या मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता त्यांना काय येते त्यावरून गट करायचे, म्हणजे ज्याला बेरीज येते पण वजाबाकी येत नाही त्याला वजाबाकीच्या गटात घ्यायचे, आणि तिथून पुढे न्यायचे, अशी ही पद्धत. त्यासाठी मुलाची पातळी काही मिनिटांत कळेल अशी छोटी चाचणी लागते. ‘प्रथम’ने 2005पासून ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीसाठी जी चाचणी वापरली, तिच्याच धर्तीची चाचणी बोत्स्वानातही वापरात होती.

शाळा बंद होणार हे दिसू लागल्यावर संस्थेने सर्वांत आधी केले ते अगदी कारकुनी काम. हातात उरलेल्या मोजक्या दिवसांत प्राथमिक शाळांमधून पालकांचे सुमारे 7,550 फोन नंबर गोळा केले. संशोधनाच्या लेखात याला दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त जागा मिळत नाही. पण ही यादी नसती तर पुढचे काहीच झाले नसते. शाळेला कुलूप लागल्यावर पालकांपर्यंत पोहोचायचा दुसरा रस्ता कोणाकडेच नव्हता.

तीन गट

या यादीतून 4,550 कुटुंबे प्रयोगात आली. मुले तिसरी ते पाचवीतली. घरून फोनवर येणारी व्यक्ती बहुतेक ठिकाणी आई किंवा वडील, काही घरांत आजी-आजोबा, मावशी किंवा काका. सोयीने निवड होऊ नये म्हणून कुटुंबांचे तीन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले. पहिल्या गटाला दर आठवड्याच्या सुरुवातीला एसएमएसने गणिताची काही सोपी उदाहरणे यायची. दुसऱ्या गटाला तेच एसएमएस, आणि शिवाय आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. तिसऱ्या गटाला काहीच नाही. तुलना त्याच्याशी व्हायची.

फोनची पद्धत साधी होती, पण तिच्यातला क्रम महत्त्वाचा. फोन करणारा मार्गदर्शक आधी पालकांशी बोलायचा. मुलाला जवळ बोलवा, फोन स्पीकरवर ठेवा, एसएमएस मिळाला का ते सांगा. मग तिघे मिळून एसएमएसमधले उदाहरण सोडवायचे. म्हणजे पालकांना शिकवायला सांगितले नव्हते आणि बाजूलाही काढले नव्हते. त्यांनी तिथे बसून ऐकायचे होते.

साधारण दोन महिने हे चालले. मध्यावर मुलांची फोनवरूनच चाचणी झाली. त्यानंतर एसएमएस आणि फोन मिळणाऱ्या घरांपैकी निम्म्यांना मुलाच्या पातळीला जुळणारी उदाहरणे दिली गेली आणि उरलेल्यांना सगळ्यांसारखीच. दरम्यान जूनमध्ये शाळा टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या. मधेच नियम बदलणारे असे वर्ष कोणत्याही प्रयोगाला अडचणीचेच.

पालक शेजारी बसले असताना मुलाची परीक्षा

इथे कोणताही शिक्षक पहिली शंका हीच काढेल: फोनवर चाचणी घेताना उत्तर कोण देतेय हे कसे कळणार? आई कानात उत्तर सांगणार, मोठा भाऊ बोटे दाखवणार. ही शंका बाजूला ठेवून पुढचे आकडे वाचण्यात अर्थ नाही.

संशोधकांनी तीन-चार गोष्टी केल्या. प्रत्येक उदाहरणाला दोन मिनिटांची मर्यादा ठेवली. नुसते उत्तर बरोबर असून भागत नव्हते; ते कसे काढले हे मुलाने आपल्या शब्दांत सांगायचे, आणि सांगता आले तरच गुण. एकच कौशल्य तपासणारी वेगवेगळी उदाहरणे वेगवेगळ्या मुलांना दिली आणि निकाल जुळतात का ते पाहिले. शिवाय मूल चाचणीत जास्त मन लावते म्हणून गुण वाढलेत की खरोखर काही शिकले म्हणून, हे ओळखण्यासाठी एक वेगळा प्रश्न ठेवला.

यातला ‘कसे काढलेस ते सांग’ हा नियम फसवणूक टाळण्यासाठी होता. मला मात्र तो सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतो. का ते पुढे येईल.

आकडे

पहिल्या चार-सहा आठवड्यांनंतरचे निकाल 2020मध्येच बाहेर आले आणि ते उत्साह वाढवणारे होते. नुसत्या एसएमएसचाही फायदा दिसत होता आणि फोनचाही, सुधारणा 0.16 ते 0.29 प्रमाण विचलनाइतकी (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याचे माप). शिक्षण खात्यात बसलेल्या कोणालाही त्यावरून काय सुचेल ते उघड आहे. एसएमएस स्वस्त पडतो, तर एसएमएसच पाठवा.

अंतिम निकाल 2022मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात आले. नोम अँग्रिस्ट, पीटर बर्गमन आणि मोइत्शेपी मात्शेंग हे लेखक. त्यात एसएमएस आणि फोन एकत्र मिळालेल्या मुलांची सुधारणा 0.12 प्रमाण विचलन होती, आणि नुसत्या एसएमएसचा म्हणावा असा परिणाम उरला नव्हता.

0.12 म्हणजे किती? शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्ये असलेले मूल पाच जागा पुढे सरकले, साधारण इतके. डोळे दिपवणारा आकडा नाही. पण त्यासाठी लागले काय, तर आठवड्याला एक फोन. खर्चाच्या हिशोबात लेखकांनी दर 100 अमेरिकी डॉलरमागे 0.63 ते 0.89 प्रमाण विचलन असा अंदाज दिला आहे, आणि शिक्षणातल्या बऱ्याच महागड्या योजना याच्या जवळपासही जात नाहीत.

एसएमएसचा परिणाम का विरला? माझे वाचन असे. पहिल्या आठवड्यात घरी आलेला गणिताचा निरोप ही नवलाई असते. पालक तो मोठ्याने वाचतात, मूल धावत वही आणते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तो फोनमधल्या इतर निरोपांखाली जातो, कारण तो सोडवला की नाही हे विचारणारे कोणी नसते. ज्या घरी गुरुवारी फोन येणार आहे, तिथे बुधवारी रात्री का होईना निरोप उघडला जातो. साथीच्या काळात जगभर पालकांना पाठवल्या गेलेल्या दुवे, पीडीएफ आणि व्हिडिओंच्या ढिगाऱ्यांचे काय झाले असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

पालकांच्या बाजूने

मुलांच्या गुणांइतकीच महत्त्वाची एक नोंद या प्रयोगात आहे, आणि ती कमी वाचली जाते. पालकांचा मुलाच्या शिक्षणातला सहभाग वाढला, आणि आपल्या मुलाला नेमके काय येते याचा त्यांचा अंदाज जास्त अचूक झाला.

पालकांचा अंदाज चुकतो हे नवे नाही. रिबेका डिझन-रॉस यांनी मलावीत केलेल्या आणि 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पालकांची मुलांच्या प्रगतीबद्दलची समजूत आणि प्रत्यक्ष गुण यांत मोठी तफावत होती. खरे गुण साध्या भाषेत समजावून सांगितल्यावर त्याच पालकांनी निर्णय बदलले. गणिताची आणि इंग्रजीची फुकट मिळणारी सरावपुस्तिका कोणत्या पातळीची घ्यायची, हेसुद्धा. पालकांची इच्छा तीच होती, फक्त आता माहिती हाती आली होती.

शाळा चालू असताना ही चूक झाकली जाते, कारण निभावणारे दुसरे कोणी असते. शाळा बंद झाली की पालक आपल्या चुकीच्या अंदाजावर काम करू लागतात. मूल चौथीत आहे म्हणून चौथीचे पुस्तक उघडतात, त्यातला भागाकार घालतात, मूल अडते, आणि दहा मिनिटांत आवाज चढतो. मुळात वजाबाकीतला हातचा कच्चा आहे हे कोणालाच माहीत नसते.

एक उदाहरण घेऊ. ते माझे आहे, प्रयोगातले नाही. 52 वजा 17. मूल 45 सांगते. शेजारी बसलेल्या वडिलांना फक्त ‘चुकले’ एवढे दिसते आणि ते म्हणतात, ‘नीट कर.’ मूल पुन्हा करते आणि पुन्हा 45च येते, कारण त्याच्या परीने ते नीटच करते आहे. फोनवरची व्यक्ती विचारते, ‘कसे काढलेस?’ मूल सांगते, ‘सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार.’ आता वडिलांच्या लक्षात येते की मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढते आहे, वरचा कोणता आणि खालचा कोणता हे न बघता. हे निष्काळजीपण नव्हे, हा त्या मुलाने स्वतःसाठी बनवलेला नियम आहे, आणि तो दहा वेळा ‘नीट कर’ म्हटल्याने मोडत नाही. तो दशक सुट्टा करून दाखवल्यावर मोडतो.

हा क्षण घडायला वडिलांना गणित शिकवता यायची गरज नाही. त्यांनी तिथे असावे आणि ऐकावे, एवढे पुरते. पुढच्या वेळी ते स्वतःच ‘कसे काढलेस?’ विचारू शकतात.

पालकांची मदत जितकी जास्त तितकी चांगली, हे गृहीत धरण्यातला धोकाही इथे सांगायला हवा. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेल्या आणि 2015मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि जे गृहपाठात वारंवार मदत करत होते, त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्या मनातली भीती वाढली. तशीच भीती असलेल्या पण मदतीला फारसे न बसणाऱ्या पालकांच्या मुलांत हे दिसले नाही. आता बोत्स्वानातली बसण्याची रचना पुन्हा बघा. शिकवायचा भार फोनवरच्या माणसावर, वेळ ठरलेली आणि वीस मिनिटांनी संपणारी. घाबरणारे पालकही यात मुलाला आपली भीती न देता बसू शकतात. लेखकांनी असा दावा केलेला नाही. दोन अभ्यास शेजारी ठेवल्यावर मला हे दिसते.

आईचे शिक्षण नसेल तर

घरच्या शिक्षणाबद्दल एक जुना आणि अस्वस्थ करणारा पुरावा आहे. 8 ऑक्टोबर 2005 रोजी पाकिस्तानच्या उत्तरेकडच्या भागात मोठा भूकंप झाला. शाळा सरासरी चौदा आठवडे बंद राहिल्या. ताहिर अंद्राबी, बेंजामिन डॅनियल्स आणि जिश्नू दास यांनी चार वर्षांनी तिथल्या मुलांची चाचणी घेतली. मदत पोहोचली होती, घरे उभी राहिली होती, कुटुंबांची आर्थिक घडी बरीचशी सावरली होती. पण भूकंपरेषेजवळची मुले लांबच्या मुलांपेक्षा दीड वर्षाहून अधिक मागे होती. चौदा आठवड्यांचा खंड नंतर वर्षावर गेला, कारण मुले परतली तेव्हा वर्ग पुढे निघून गेला होता.

याला एक अपवाद होता. ज्यांच्या आईचे किमान प्राथमिक शिक्षण झाले होते, त्या मुलांत ही पिछाडी जवळजवळ दिसलीच नाही.

या निष्कर्षाकडे दोन प्रकारे बघता येते. एक, आईचे शिक्षण हेच खरे कवच, आणि ते ज्या घरात नाही तिथे काही करता येणार नाही. दुसरा, त्या आया घरी जे काही करत होत्या त्यातला एखादा तुकडा उसना देता येईल का? बोत्स्वानाचा प्रयोग या दुसऱ्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर आहे. अर्धे अशासाठी की फोन करणारी व्यक्ती मूल कुठे अडले ते सांगू शकते, पण संध्याकाळी वही उघडून बसवणारे माणूस घरातलेच लागते. जिथे घरातले सगळे दिवसभर बाहेर असतात आणि फोनही त्यांच्याबरोबरच जातो, तिथे ही रचना लंगडी पडते.

तोच फोन, वेगळा निकाल

बोत्स्वानावरून घाईने नियम बनवू नये याचे ठोस कारण पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये आहे. इबोलाच्या साथीत 2014-15मध्ये तिथल्या शाळा कित्येक महिने बंद होत्या आणि रेडिओवर धडे चालले होते, त्यामुळे 2020मध्ये तो देश तसा अनुभवी होता. तिथेही रेडिओच्या धड्यांना जोड म्हणून शिक्षकांनी मुलांना आठवड्याला फोन केले आणि त्याचाही रीतसर प्रयोग झाला. मुलांचा अभ्यासातला वावर वाढला. गणिताचे आणि भाषेचे गुण मात्र वाढले नाहीत.

मग फरक कशात? एक शक्यता मला जास्त पटते. सिएरा लिओनमध्ये फोन रेडिओच्या धड्यांशी बांधलेला होता. बोत्स्वानात तो मोजक्या पायाभूत क्रियांशी बांधलेला होता आणि उत्तरार्धात निम्म्या घरांत तर मुलाच्या पातळीशी. धडा पुढे सरकत राहतो, मागे राहिलेले मूल मागेच राहते, आणि फोन त्या धड्याच्या मागे धावतो. हे सिद्ध झालेले नाही. दोन देशांत इतर शंभर गोष्टी वेगळ्या आहेत.

पण या शक्यतेला बळ देणारे काही पुढे आले. अँग्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग भारत, केनिया, नेपाळ, फिलिपिन्स आणि युगांडा या पाच देशांत केला. एकूण 16,000हून अधिक मुले, आठवड्याला वीस मिनिटांचा फोन, आठ आठवडे, आणि सुरुवातीपासून मुलाच्या पातळीप्रमाणे उदाहरणे. 2023मध्ये आलेल्या निकालांत फोनचा परिणाम 0.30 ते 0.35 प्रमाण विचलन होता, म्हणजे बोत्स्वानाच्या दुपटीहून जास्त. नुसत्या एसएमएसचे निकाल पुन्हा डळमळीत, कुठे थोडा फायदा तर कुठे काहीच नाही. फोन संस्थेच्या माणसाने केला की सरकारी शाळेतल्या शिक्षकाने, याने फारसा फरक पडला नाही.

हा शेवटचा निष्कर्ष मला सर्वांत उपयोगी वाटतो आणि सर्वांत अडचणीचाही. वर्गात चाळीस मुले असतील तर वीस मिनिटांप्रमाणे आठवड्याला 800 मिनिटे होतात, म्हणजे तेरा तास वीस मिनिटे. न उचललेले फोन आणि तुटलेले नेटवर्क वेगळे. शाळा पूर्ण बंद असेल तर शिक्षकाला एवढा वेळ काढता येतो. अर्धवट चालू असेल, एक दिवसाआड वर्ग भरत असतील, तर नाही. मग सगळ्या चाळीस घरांना थोडे थोडे बोलण्यापेक्षा दहा-बारा घरे निवडून त्यांना पूर्ण वीस मिनिटे द्यावीत असे मी म्हणेन. ती घरे कोणती, हे हुशार आणि मठ्ठ अशा ढोबळ आठवणीवरून ठरवता येत नाही. कोणते मूल बेरजेपाशी थांबले आहे, कोणते वजाबाकीपाशी, कोणाला भागाकाराची फक्त पायरी चुकते आणि कोणाच्या घरी संध्याकाळी सातनंतरच फोन असतो, याची नोंद शाळा चालू असतानाच नंबरांच्या यादीशेजारी करून ठेवलेली असावी लागते.